केरामाचा समुद्र, एक दिवस उशिरा

ओकिनावाच्या नाहा बंदरापासून पश्चिमेला साधारण चाळीस किलोमीटरवर केरामा नावाचा बेटांचा एक पुंजका आहे. नकाशावर तो पेन्सिलीचे टोक चुकून टेकल्यासारखा दिसतो. त्यातल्या एका लहान बेटावर आम्ही तिघे जाऊन आलो. बेटाचे नाव मी मुद्दाम देत नाही. परत आल्यापासून सिंगापुरातल्या मराठी मंडळींपैकी चार कुटुंबांनी माझ्याकडे त्या सहलीचे वेळापत्रक मागितले आहे, आणि नाव दिले की वेळापत्रकही द्यावे लागेल. "तुम्ही आखलेली सहल म्हणजे आम्हाला काही बघायलाच नको, सर," असे सेम्बावांगचे एक गृहस्थ फोनवर म्हणाले. त्यांना घरातली हकीकत ठाऊक नव्हती.

ती सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मी पुण्यातल्या एका शाळेत चौदा वर्षे भूगोल शिकवला. पत्नी शुभदा बँकेत होती. तिला सिंगापूरला नोकरी मिळाली, तेव्हा मी राजीनामा दिला आणि तीन वर्षांच्या रेवाला घेऊन मागोमाग आलो. पहिली काही वर्षे टॅम्पिनीसला भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेली, नंतर सेंगकांगला स्वतःचे घर झाले. शुभदाने वीस वर्षे बँकेचे काम केले. मी जेवणाच्या टेबलावर शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या आणि घर चालवले. घर चालवले म्हणजे वेळापत्रकावर चालवले. त्याबद्दल दोघींनी मला पुष्कळ चिडवले आहे, पण कोणाची बस कधी चुकली नाही, हेही खरे.

शुभदा पन्नाशीला सेंगकांगच्या सार्वजनिक तलावात पोहायला शिकली. शिकल्याच्या आठवड्यातच म्हणाली, "मास्तर, तुम्ही पोरांना फळ्यावर प्रवाळ काढून दाखवता, ते पुरे झालं. मला जिवंत प्रवाळ बघायचंय. पाण्यात तोंड घालून." सिंगापूरच्या किनाऱ्यावर उभे राहिले तर नांगरलेल्या जहाजांची रांग दिसते, समुद्राचा तळ दिसत नाही. त्यासाठी दूर जायला हवे होते. मी म्हणालो, जाऊ. हे आठ वर्षांपूर्वीचे बोलणे. पुढे एका वर्षी विद्यार्थ्यांच्या सहावीच्या परीक्षा आल्या, एका वर्षी रेवाची परीक्षा, मग साथ, मग विमानांचे भाव. प्रत्येक कारण खरे होते. खऱ्या कारणांनीसुद्धा आठ वर्षे जातात, एवढेच मला तेव्हा शिकवता आले नसते.

मग काचबिंदू निघाला. कळले तेव्हा डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली होती, आणि उजव्या डोळ्याला नळीतून पाहावे तेवढेच दिसत होते. थेंबांनी डोळ्यातला दाब उतरेना, म्हणून शस्त्रक्रिया ठरली. इथल्या डॉक्टरीणबाई फार कमी शब्दांत बोलतात. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात समुद्राचे पाणी जाऊ देणे धोक्याचे, त्यामुळे समुद्र कायमचा बंद, असे त्यांनी सांगितले. शुभदाने विचारले, "आणि आधी?" त्या म्हणाल्या, "बिफोर, कॅन." मास्क मोठा हवा, डोळ्यांवर दाबणारा नको, खोल बुडी मारायची नाही, नुसते वरवर तरंगायचे.

शस्त्रक्रियेला पंधरा दिवस होते. सिंगापूरहून नाहाला थेट विमान जाते. मी दोन दिवसांत सगळे आखले: विमान, बोट, मुक्काम, औषधांच्या वेळा, भरती-ओहोटीचे तक्ते. शुभदाने तो कागद भिंगाखाली धरून वाचला आणि विचारले, "समुद्र कुठाय यात?" मी बोट ठेवून दाखवले: दुसरा दिवस, सकाळी सव्वादहा.

पहिला दिवस

नाहाहून वेगवान बोटीने बेटावर पोचायला पाऊण तास लागला. त्या दिवशी समुद्र पाटा-वरवंट्यातल्या पाट्यासारखा सपाट होता. पाण्याच्या रंगाला आपल्याकडे मोरपंखी हा एक शब्द आहे आणि तो आपण साडीपासून भिंतीपर्यंत सगळीकडे वापरून टाकला आहे, म्हणून इथे तो पुरत नाही. बंदराजवळ पाणी निळे राहिलेच नव्हते, नुसते स्वच्छ होते. धक्क्याच्या खांबाला बसलेले शिंपले पार खालपर्यंत मोजता येत होते. शुभदा कठड्यावर वाकली होती. उजवा डोळा पाण्याकडे यावा म्हणून तिने मान डावीकडे वळवली होती.

"मास्तर, तळ दिसतोय. अहो, मला दिसतोय!"

"इथे पाणी दहा मीटर खोल असेल," मी सांगितले.

"असू दे की," ती म्हणाली.

न्यायला घरमालकीण आली होती. पंचाहत्तरीच्या या बाईंना बेटावर सगळे 'ओबा' म्हणतात, म्हणजे तिथल्या बोलीत आजी. त्यांच्या घरात पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. दारात बूट काढायचे, आतल्या सपाता घालायच्या, चटईच्या खोलीत त्याही काढायच्या, आणि संडासासाठी वेगळ्या सपाता. आपल्याकडेही बाहेरची वहाण घरात चालत नाही, त्यामुळे मला हे सोपे वाटले. आणि पहिल्या दहा मिनिटांत मी संडासाच्या सपाता घालून ओबांच्या दिवाणखान्यात उभा राहिलो. ओबांनी मान खाली घालून न पाहिल्यासारखे केले. रेवाने मात्र पाहिले.

"बाबा, यू आर वेअरिंग टॉयलेट लाह!"

रेवा चोवीस वर्षांची आहे, सिंगापूरमध्ये वाढली, मराठी समजते पण उत्तर बहुधा सिंगापुरी इंग्रजीत देते. कॉलेजात तिने दोन वर्षे जपानी शिकून घेतले होते, म्हणून बेटावर आमची दुभाषी तीच होती.

त्या दिवशी संकष्टी होती आणि शुभदाचा उपास होता. रेवाने ओबांना समजावले: चंद्र दिसेपर्यंत आई भात, गहू, डाळ खाणार नाही. ओबांनी अगदी वैद्याच्या गांभीर्याने विचारले, मग चालते काय? रेवाने बटाटा, रताळे, शेंगदाणे अशी यादी सांगितली. ओबा हसत आत गेल्या आणि जांभळ्या गराची वाफवलेली रताळी व शेंगदाण्याच्या दुधाची थंडगार वडी घेऊन आल्या. ही वडी खरवसासारखी लुसलुशीत असते, शेंगदाण्याचे दूध रताळ्याच्या सत्त्वाने घट्ट करून करतात. दोन्ही पदार्थ ओकिनावाचे रोजचे. वरचा सोया सॉस कडधान्याचा म्हणून शुभदाने बाजूला ठेवला आणि बाकीचे निपटून खाल्ले.

"बघा मास्तर, जपानी आजीनं फराळाचं ताट वाढलं. तुमच्या यादीत नव्हतं हे."

जेवण होताच ओबा म्हणाल्या, आताच समुद्रावर जा. मास्क आणि श्वास घ्यायच्या नळ्या भाड्याने देणाऱ्या माणसाची टपरी घरापासून पाच मिनिटांवर होती. तो चाळिशीचा, उन्हाने रापलेला, बोलण्यापेक्षा आकाशाकडे जास्त पाहणारा. त्याने शुभदाचा डोळा, तिची चाल, तिचे हसणे पाहिले आणि रेवाला काही सांगितले.

"बाबा, अंकल म्हणतात आज जा. उद्या वारा येईल. उजव्या साइडला एक चॅनल आहे, तिथे लो टाइडला पण डीप असतं."

मी खिशातून तक्ता काढला. दुपारी साडेतीनला पूर्ण ओहोटी होती. ओहोटीला प्रवाळ पृष्ठभागाजवळ येते. ते सुरीसारखे धारदार असते. एका बाजूचे न दिसणाऱ्या माणसाचे गुडघे, हात, मास्क त्यावर आपटू शकतात. पाच दिवसांवर शस्त्रक्रिया आलेली. शिवाय उपास. दुसऱ्या दिवशी सव्वादहाला भरती, पोट भरलेले, प्रवासाचा शीण गेलेला. हे सगळे मी क्रमाने सांगितले. टपरीवाल्याने तक्ता दोन्ही हातांत धरून आदराने पाहिला, तीनदा मान हलवली आणि परत दिला. मला वाटले, त्याला पटले. तिथे माणसाचा कागद त्याच्या तोंडावर खोटा पाडत नाहीत, हे मला नंतर कळले.

"उपाशी कुठाय मी?" शुभदा म्हणाली. "दोन रताळी आणि पावशेर शेंगदाणे पोटात आहेत."

"उद्या सकाळी सगळं नीट जमतंय. मी अभ्यास केलाय, शुभदा."

ती म्हणाली, "बरं. तुमचा अभ्यास आहे तर उद्या." तिने वाद घातला असता तर आज मला आधार असता. तिने माझे ऐकले.

रेवा थांबली नाही. मास्क लावून ती टपरीवाल्याने दाखवलेल्या बाजूने पाण्यात शिरली. शुभदा गुडघाभर पाण्यात वाळूवर बसून राहिली, दोन्ही तळवे पाण्याखाली ठेवून. तासाभराने रेवा बाहेर आली ती ओरडतच. "आई! कासव! इतकं मोठं! माझ्या बाजूनं गेलं, लाइक, सो स्लो, गवत खात होतं! आणि यलो फिश, आणि ते ब्लू..."

"सांगू नकोस," शुभदाने तिला थांबवले. "उद्या मी बघणार आहे. सिनेमाची गोष्ट आधी सांगतात का?"

साडेचारला वेळापत्रकाप्रमाणे आम्ही ओबांच्या गाडीतून टेकडीवरच्या सज्जावर गेलो. तिथून बेटाभोवतीचा प्रवाळाचा कट्टा संपूर्ण दिसतो. किनाऱ्याला चिकटलेली फिकट पट्टी, मग लाटांची पांढरी रेघ, मग एकदम गडद निळे खोल पाणी. पाठ्यपुस्तकातली आकृती मी पस्तीस वर्षांनी प्रत्यक्ष पाहत होतो, आणि सवयीने समजावू लागलो. ती पांढरी रेघ दिसते आहे ना, तिथे कट्टा संपतो.

"कुठे?"

"ती काय, समोर."

"मला नुसतं निळं दिसतंय हो. इतक्या लांबचं मला दिसत नाही आता." मग हलकेच पुढे म्हणाली, "मला जवळचं दिसतं."

मी लांबचे पहिल्या दिवशी ठेवले होते आणि जवळचे दुसऱ्या. हे लक्षात आले तेव्हा सूर्य मावळायला तास राहिला होता आणि पाणी अजूनही सपाट होते. खाली उतरून तिला चॅनलपर्यंत नेता आले असते. मी घड्याळ पाहिले. साडेसहाला ओबांकडे जेवण होते, आणि तिथे साडेसहा म्हणजे साडेसहा. आम्ही घरी गेलो.

जेवणात अंडे घातलेली कारल्याची भाजी होती. ओकिनावात कारले घरोघर खातात, आणि आपल्यासारखे मीठ लावून त्याचा कडूपणा पिळून टाकत नाहीत. शुभदाचा भात ओबांनी झाकून ठेवला. चंद्रोदय कधी, असे त्यांनी विचारले. मी सांगितले, सव्वादहाला. इथल्या मराठी मंडळाच्या दिनदर्शिकेत सिंगापूरची वेळ सव्वानऊ छापली होती, जपानचे घड्याळ एक तास पुढे, म्हणून सव्वादहा. आठ वाजून वीस मिनिटांनी ओबांनी अंगणातून हाक मारली.

"बाबा, ओबा म्हणतात चंद्र आला."

"अजून दोन तास आहेत," मी बसल्या जागेवरून म्हणालो.

शुभदा बाहेर जाऊन आली आणि दारात उभी राहिली. "मास्तर, चंद्र डोंगरावर आलाय आणि तुम्ही त्याला घड्याळात शोधताय?"

मी अंगणात गेलो. चंद्र होता. वाचकांच्या माहितीसाठी चूक सांगून ठेवतो. सिंगापूरचे घड्याळ तिथल्या रेखांशाच्या मानाने तासाभरापेक्षा जास्त पुढे लावलेले आहे, ओकिनावाचे अर्धा तासच. त्यामुळे एक तास मिळवून उत्तर येत नाही. उलट चंद्र तिथल्या घड्याळात लवकर उगवतो. स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ हा धडा मी आठवीच्या वर्गाला चौदा वर्षे शिकवत होतो.

शुभदाने घरून नेलेले खोबरे आणि साखर एका पानावर ठेवली. ओबांनी शेजारी उभे राहून हात जोडले. चार दिवसांपूर्वीच्या पौर्णिमेला बेटावर घरोघर तांदळाचे उंडे उकडलेल्या चवळीसारख्या दाण्यांत घोळवून चंद्राला दाखवले होते, असे त्यांनी सांगितले. त्याच पौर्णिमेला सेंगकांगला आमच्या ब्लॉकखाली मुले कंदील घेऊन हिंडत होती. शुभदा म्हणाली, "मला चंद्राभोवती दोन कडी दिसतायत. छान दिसतंय." डोळ्यातला दाब वाढला की अशी कडी दिसतात. मी ते वेळेसह वहीत टिपून घेतले, डॉक्टरांना सांगण्यासाठी. ती वर पाहत होती, मी खाली लिहीत होतो.

दुसरा दिवस

पहाटेच एक आवाज ऐकू येऊ लागला, पुलावरून न संपणारी मालगाडी जावी तसा. कट्ट्यावर लाटा फुटत होत्या. गावातल्या कर्ण्यांवरून काही सूचना झाली. ओबा अंगणात उभ्या राहून झाडांच्या शेंड्यांकडे पाहत होत्या. दूर आग्नेयेला एक चक्रीवादळ तयार झाले होते. बेटापासून ते पुष्कळ लांब होते, आकाश पूर्ण निळे होते, ऊन पडले होते. त्याच्या लाटा मात्र त्याच्या आधी येऊन पोचल्या होत्या.

आम्ही दहाला किनाऱ्यावर गेलो. वाळूत लाल निशाण रोवलेले. टपरीवाला आपल्या छोट्या होड्या एकमेकींना बांधत होता. काचेच्या तळाची बोटही रद्द झाली होती. भरती माझ्या कागदाप्रमाणे बरोबर सव्वादहाला पुरी झाली. आदल्या दिवशी शुभदा जिथे बसली होती, तिथे माणसाच्या उंचीच्या लाटा वाळूसकट आपटत होत्या आणि पाणी ताकासारखे गढूळ होते.

"येस्टरडे वॉज सो फ्लॅट!" रेवाचा आवाज फुटला. "अंकल बोलले होते, बाबा! ही टोल्ड यू!"

"भरतीचा हिशेब..."

"कसला हिशेब? आईला आजच... तिला दुसरा चान्स नाहीये, तुम्हाला माहितीये ना?"

"रेवा, पुरे," शुभदा म्हणाली. "बाबांनी अभ्यास केला होता."

तिने हे टोमणा म्हणून म्हटले नाही. ती तसे टोमणे मारत नाही. ज्याची टिंगल करायची त्याची ती तोंडावर करते. ती माझी बाजू घेत होती. ते मला सहन झाले नाही, म्हणून मी टपरीकडे चालू लागलो.

मागे शिट्टी वाजली. शुभदा हातात मास्क घेऊन पाण्यात चालत गेली होती, मांडीपर्यंत. टपरीवाला धावत गेला, तिच्या पुढ्यात उभा राहिला आणि दोन्ही हातांची फुली केली. नाही म्हणण्याची त्यांची ही रीत आहे. ती थांबली. मग त्याने पाण्यातच कमरेत वाकून तिला नमस्कार केला, दोनदा. मी रेवाला विचारले, तो काय म्हणतो आहे?

"सॉरी म्हणतायत. समुद्र असा झाला म्हणून."

वाऱ्याबद्दल माफी मागणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. तोवर मी मागितली नव्हती.

उरलेला दिवस आम्ही गावात फिरलो. घरांभोवती प्रवाळाच्या दगडांच्या भिंती आहेत, वाऱ्याला अडवण्यासाठी. छपरांवर मातीचे सिंह बसवलेले असतात. एकाचे तोंड उघडे, दुसऱ्याचे बंद, अशी जोडी. शुभदाने एका भिंतीवर हात ठेवला आणि दगडातली खळगी, फुलासारख्या आकृती बोटांनी चाचपत ती भिंतीच्या कडेकडेने चालत राहिली. मी सांगितले की हे मेलेल्या प्रवाळाचे सांगाडे आहेत. ती म्हणाली, "कळतंय मला, हाताला."

संध्याकाळी ओबा खबर घेऊन आल्या. उद्या फक्त सकाळची बोट सुटेल. नंतर तीन-चार दिवस एकही नाही, कदाचित जास्त. वादळ सरकले की मात्र समुद्र पुन्हा निवळतो, असेही त्यांनी सांगितले, आणि तेच त्यांनी सांगायला नको होते.

"राहू या," शुभदा म्हणाली.

आम्ही तिघे चटईवर बसलो होतो. ती माझ्याकडे तोंड करून बसली, पूर्ण समोर, म्हणजे मी तिच्या नजरेच्या नळीत यावा.

"एवढं एकदा माझं ऐका. चार दिवस राहू. पाणी निवळलं की मी अर्धा तास जाईन, फक्त अर्धा तास. ऑपरेशन आठवडाभर पुढे ढकलू."

"आय विल कॉल द हॉस्पिटल," रेवा म्हणाली. "मी बोलते, बाबा. पोस्टपोन करता येतं."

मी दोघींना सांगितले. ही तारीख गेली तर पुढची सहा आठवड्यांनी आहे, हे मी निघण्यापूर्वीच विचारून ठेवले होते. उजव्या डोळ्यातला दाब गेल्या दोन तपासण्यांत चढता आहे. काल रात्री कडी दिसली. सहा आठवड्यांत जी नजर जाईल ती परत येणार नाही. आणि चार दिवसांनी समुद्र निवळेलच, याची हमी कोणी देत नाही.

"ही हमी तुम्ही काल दिली होती," शुभदा म्हणाली.

बाहेर लाटांची मालगाडी चालूच होती.

"मी चुकलो," मी म्हणालो. "काल चुकलो. आज चुकत नाहीये."

"तेच तर," ती उठत म्हणाली. "तुम्ही चुकता तेव्हाही आवाज हाच असतो." आणि ती बॅग भरायला लागली.

तिसरा दिवस

सकाळच्या बोटीत सगळे ओकाऱ्या काढत होते. त्याचे वर्णन करत नाही. ओबा धक्क्यावर बोट दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होत्या. शुभदाला त्या लगेच दिसेनाशा झाल्या असणार, पण तीही हात हलवत राहिली.

पुढे खरेच चार दिवस एकही बोट सुटली नाही. पाचव्या दिवशी समुद्र कसा होता हे मला ठाऊक आहे, कारण मी ते शोधून पाहिले. शोधायला नको होते. शांत होता.

नाहाला विमानाला आठ तास होते. ओकिनावात एक मोठे मत्स्यालय आहे, जाऊन यायला वेळ पुरत होता. मी सुचवले. जिवंत प्रवाळ, काचेजवळ उभे राहून, अगदी जवळून दिसेल.

"नको."

"कोरडं राहून दिसेल. डोळ्यालाही धोका नाही."

"मास्तर, मला मासे बघायचे नव्हते. मला पाण्यात जायचं होतं. मासे असते तर बघितले असते." ती बाकावर बसली. "तिथे खाली कोणी बोलत नसतं, तेवढं तरी कळलं असतं."

आठ तास आम्ही विमानतळावर काढले. सिंगापूरचा विमानतळ पाहिलेल्या माणसाला दुसऱ्या विमानतळावर करमत नाही, असे इथले लोक म्हणतात. मला ती आठ तासांची बाके चांगली आठवतात. त्या दोघी एका रांगेत बसल्या, मी समोरच्या. मधून लोक बॅगा ओढत जात होते.

सेंगकांग

शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. दाब उतरला. उजव्या डोळ्याची नजर होती तेवढी राहिली आहे, आणि डॉक्टरांच्या मते हे फार चांगले आहे. पट्टी काढल्यावर त्यांनी विचारले, "सो, हाऊ वॉज द सी?"

"व्हेरी नाइस," शुभदा म्हणाली. "बाहेरून."

मी माफी मागितली. नीट, बसून, कारणे न देता मागितली. कारणे न देणे मला किती जड गेले हे तिला कळले असावे, कारण ती हसली. "झालं गेलं," म्हणाली. त्यानंतर घरात भांडण झाले नाही. ती माझ्याशी नेहमीसारखी बोलते, मास्तर म्हणते, भाजीत मीठ कमी असले तर सांगते. फक्त विचारत काही नाही. आधी दिवसाला दहादा विचारायची: पाऊस येईल का, बस कधी आहे, ही गोळी जेवणाआधी की नंतर. आता फोनला विचारते. फोन मोठ्याने उत्तर देतो, ते मला स्वयंपाकघरात ऐकू येते.

जूनमध्ये काचेच्या तळाच्या बोटीसाठी पुन्हा जाता येईल, असे मी एकदा सुचवले. दोन पर्याय काढले होते. तिने ऐकून घेतले आणि "बघू" म्हणाली. मराठी घरात 'बघू' म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. आठ वर्षे तो शब्द मीच वापरला होता.

आज सकाळी त्या दोघी तैवानला गेल्या. डोंगर आहेत, गरम पाण्याचे झरे आहेत, डोळा सांभाळून पाय तेवढे पाण्यात सोडता येतात, एवढे रेवाने सांगितले. माझे तिकीट काढलेले नव्हते. पहिली रात्र कुठे, असे मी विचारले.

"ठरवलं नाही," रेवा म्हणाली. "पोचलं की बघणार. चिल, बाबा."

"म्हणजे हॉटेलसुद्धा नाही?"

"एक आहे. कॅन्सल होतं ते."

शुभदा दारात बूट घालत होती. पट्ट्यात बक्कल अडकवायला तिला वेळ लागतो; मी वाकलो, तर तिने पाय मागे घेतला आणि स्वतःच अडकवले. मी विचारले, मी येऊ का? तिकीट अजून मिळत होते, मी पाहून ठेवले होते.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर असलात की मला सगळं आधीच कळतं."

लिफ्ट आली. बॅग मी आत ठेवली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला द्यायचे उत्तर मी तयार ठेवले होते.